अडलेले पाय आणि गुरुवारचा नाच

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहितोय. ज्याचा हात थरथरतो, ज्याचे पाय दारात चिकटतात आणि घरचे ज्याला "चला की, चला की" म्हणून ओढतात, त्याच्यासाठी. डॉक्टर लोकांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांना यात नवीन काही मिळायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं बापानं हातमागावर बसवलं आणि तिथंच माझी सगळी शाळा झाली. शब्द इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या. दुसऱ्याकडून लिहून घ्या म्हणून घरच्यांनी सांगून बघितलं. मी म्हटलं, आजार माझा, लिहिणार पण मीच. ओळीच्या सुरुवातीला माझं अक्षर मोठं असतं आणि शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढं होतं. तो पण या आजाराचाच भाग आहे म्हणे. असू दे.

हात

आमचं घर सीमाभागातल्या शहापुरात. आधी हातमाग होता, मग यंत्रमाग आले, आता तेही बंद पडत चाललेत. पण मी शेवटपर्यंत सूत हातात धरून होतो.

आजाराची पहिली खबर मला गाठीनं दिली. मागावर सूत तुटलं की दोन टोकं बोटात धरून गाठ मारायची असते. मी ती कुणाशी बोलता बोलता, न बघता मारायचो. एका वर्षी ती गाठ पडेना. बोटं जागेवर होती, पण माझं ऐकायची नाहीत. मी सुताला शिव्या घातल्या. "आजकाल सूतच तसलं येतंय," असं सगळ्या गल्लीला सांगितलं. मग उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलायला लागला. मी तो खिशात घालून फिरायला लागलो. चहाचा कप डाव्या हातात.

माझी बायको शांता सगळं बघत होती. तिनं मला काही विचारलं नाही, सरळ पोराला फोन लावला. सुरेश बेंगळूरला कंपनीत आहे. तो आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. जाताना मी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्याला टोपी घातली. आजारी माणसासारखं जायचं नाही असं ठरवून गेलतो.

डॉक्टर पोरसवदा होता. बोटं टिचकवायला लावली, खुर्चीतून उठायला लावलं, मग म्हणाला बाहेर व्हरांड्यात चालून दाखवा. मी ऐटीत चाललो. परत आलो तर म्हणतो, "चालताना उजवा हात हलत नाही तुमचा."

"मी काय मिलिटरीत हाय व्हय, हात हलवायला?"

तो हसला. सुरेश हसला नाही.

मग त्यानं आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. इंग्लिशमध्ये पार्किन्सन. म्हणाला, "हा पूर्ण बरा होत नाही. पण गोळ्या आणि हालचाल नीट ठेवली तर माणूस चांगला जगतो." मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही. ते मला कितीतरी दिवसांनी सुरेशनं सांगितलं. तुमच्यापैकी कुणाची तपासणी व्हायची असेल तर एवढं करा, बरोबर कुणालातरी घेऊन जा, दुसरं वाक्य ऐकायला.

घरी आल्यावर शांतानं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"हात हलवत चाला म्हणाला," मी सांगितलं आणि टोपी खुंटीला लावली.

पाय

गोळ्यांनी हाताला बरं वाटलं. पण पुढं पाय अडायला लागले. हे ज्याला होत नाही त्याला सांगून कळत नाही. चालता चालता पाय फरशीला चिकटतात. वरचं अंग पुढं निघालेलं असतं, पाय मात्र येत नाहीत. जास्त करून दारात, वळणावर, कुणी घाई केली की हमखास. एकदा गल्लीच्या तोंडाला मी असाच उभा राहिलो. जागच्या जागी टाचा उचलतोय, पुढं जाता येईना. पलीकडच्या घरातला एकजण जाता जाता म्हणाला, "काय अण्णा, आज दुपारीच?"

मी दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. त्या दिवसापासनं मी बाहेर पडायचंच सोडलं.

घरात शांता मला ओढायची. तिला वाटायचं जोर लावला की निघतील. मला वाटायचं हिच्या ओढण्यानंच अडतात. दोघांची रोज भांडणं. एके दुपारी मोरीतनं बाहेर येताना मी दारात अडलो. तिनं दोन्ही हात धरून ओढलं. पाय सुटले, पण दोन्ही एकदमच सुटले, आणि मी भिंत पडावी तसा तिच्या अंगावर पडलो. तिचं मनगट मोडलं. मला कंबरेला मार बसला, हाड शाबूत राहिलं.

दोघंही एकाच दवाखान्यात. ती बायकांच्या वॉर्डात, मी पुरुषांच्या. सुरेश रातोरात बस धरून आला. आधी आईकडं गेला, मग माझ्याकडं. पलंगाच्या कडेला बसला.

"आप्पा, बास झालं आता," तो म्हणाला. "दिवाळीला मी येणार. तवर तुमी आईला धरल्याशिवाय घरात फिराय लागलासा तर राहा हितंच. न्हाय जमलं तर दोघंबी माझ्याकडं बेंगळूरला. घराला कुलूप."

"कुलपाची किल्ली माझ्याकडं हाय."

"आन् आईचा हात?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं.

बेंगळूरला काही वाईट नाही. सून चांगली आहे, खायला प्यायला कमी पडायचं नाही. पण तिथं मी खिडकीत बसणार आणि कुणीतरी येता-जाता म्हणणार, हे सुरेशचे वडील. शहापुरात मला बघितलं की लोक माझ्या विणीचं बोलतात. नऊवारीचा माझा काठ आंधळ्यानं हात लावून ओळखला असता, असं म्हणणारे व्यापारी अजून आहेत. ते सोडून जायचं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसायचं. मला ते नको होतं.

वॉर्ड

दवाखान्यातल्या दिवसांचं लोक रडगाणं गातात. मला तिथं माणसं चांगली भेटली ते सांगायला पाहिजे.

उजाडायच्या आधी फरशी पुसायची बादली वाजायची. मग चहा, मग ताप बघणं, मग मोठे डॉक्टर यायचे, त्यांच्या मागं सगळी वरात. माझ्या गोळ्या घड्याळावर. गोळी चढली की मी माणूस, उतरली की लाकूड. हे वेळेचं गणित मला तिथल्या नर्सनं समजावलं. घरी मी जेवण झाल्यावर, आठवण आल्यावर घ्यायचो. ती म्हणाली, "अज्जा, ही गोळी जेवणाची वाट बघत नाही. तुम्ही हिची वाट बघायची."

आणि एक आयाबाई होती. कानडी बोलायची. मला संडासला न्यायला यायची. मी दारात अडलो की ती ओढायची नाही. आपला हात नुसता पुढं करून उभी राहायची आणि म्हणायची, "निधान, अज्जा, निधान." अज्जा म्हणजे आजोबा, निधान म्हणजे सावकाश. मागं दुसऱ्याची घंटी वाजत असायची, तरी तिच्या तोंडावर घाई दिसायची नाही. त्या बाईचं मला नाव माहीत नाही. पण घाई न करणारं माणूस म्हणजे काय औषध असतं, ते मला तिच्याकडनं कळलं.

व्यायाम करून घेणारी एक पोरगी होती. सुट्टी मिळायच्या दिवशी तिनं सांगितलं, "अनगोळात एका शाळेच्या हॉलमध्ये गुरुवारी डान्सचा क्लास असतो. तुमच्यासारख्यांनी जावं असा आहे. ताल मिळाला की अडलेले पाय सुटतात."

"डान्स?" मी म्हटलं. "कोण, मी?"

शांता बाजूला गळ्यात हात अडकवून बसलेली. हसायला लागली. हात दुखत होता तरी तिला हसू आवरेना.

खुर्ची

घरी येऊन मी स्पष्ट सांगितलं, "आमच्या घराण्यात कोण नाचल्यालं न्हाय. गणपतीत बी मी लांबनं बघणारा माणूस."

"बरं," शांता म्हणाली. "मग बेंगळूरला जाऊन लिफ्टमध्ये हुबं राहा."

गुरुवारी रिक्षा बोलावली तीही तिनंच.

हॉलमध्ये जाऊन बघतो तर सगळ्या तऱ्हेची माणसं. लष्करी कॅम्पातले एक सुभेदार, त्यांचा गुडघ्याखालचा डावा पाय नकली. दीपा नावाची विशीतली पोरगी, तिला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. एकजण चाकाच्या खुर्चीत. आणखी दोघंतिघं माझ्यासारखे थरथरणारे. काहीजण खुर्चीत बसून हात हलवत होते आणि त्यालाच नाच म्हणत होते. मी शांताला हळूच म्हटलं, "बसून नाचत्यात! चल घरला."

शिकवणाऱ्या रश्मी टीचर. भरतनाट्यम शिकलेल्या, घरची भाषा कानडी, पण मराठी फर्डं. त्यांनी माझ्याजवळ एक खुर्ची आणून ठेवली. मी लगेच म्हटलं, "मला लागत न्हाय. मी हुबं राहणार."

"तुमच्यासाठी कुठं आणली?" टीचर म्हणाल्या आणि आपली बॅग त्यावर ठेवली. "माझी बॅग ठेवायला आणली. पण या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. बॅग पडेल. जरा पाठीला धरून उभं राहाल का, अज्जा?"

कुणी काम सांगितलं तर नाही म्हणायची आमची रीत नाही. मी तासभर ती खुर्ची धरून उभा राहिलो, आणि धरल्या धरल्या त्या सांगतील तसे पाय हलवले. पडलो नाही.

रिक्षात शांता म्हणाली, "खुर्चीचे चारीबी पाय चांगले हुते. मी हलवून बघितले."

मला राग यायला पाहिजे होता. पण असा मान ठेवून फसवणारं माणूस मला त्या आजारात पहिल्यांदाच भेटलं होतं.

पट्ट्या

पुढच्या गुरुवारी खरं काम सुरू झालं. ज्यांचे पाय अडतात त्यांच्यासाठी टीचरनी फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, लाल आणि पिवळ्या, पावला-पावलाच्या अंतरावर. प्रत्येक पट्टी ओलांडून पुढची गाठायची. हा उपाय सगळीकडं करतात, डोळ्यासमोर रेघ असली की पाय उचलतो. आणि खरंच. माझ्यासारखेच अडणारे दुसरे एक गृहस्थ टणाटण पट्ट्या ओलांडत गेले. सुभेदार गेले. दीपा तर उड्या मारत गेली.

माझी पाळी आली आणि मी पहिल्या पट्टीपाशी जो अडलो तो अडलोच. घरातल्या दारापेक्षा वाईट. टाचा थरथरतात, पाय वर येईना.

सुभेदार तिकडून ओरडले, "अरे उस्ताद, मी एका पायावर पोचलो. तुझ्याकडं दोन असून उभा?"

"दोन हाईत म्हणूनच ठरंना की कुठला आधी!" मी ओरडलो. सगळे हसले. मी पण हसलो, पण आतनं मला रडायला आलतं.

त्यानंतरच्या गुरुवारी तेच. टीचरनी पट्ट्या जवळ लावून बघितल्या, लांब लावून बघितल्या, पेटी वाजवली, टाळ्या वाजवल्या. जिथं पट्ट्या नाहीत तिथं मी थोडाफार चालायचो, पट्टी आली की खांब. दिवाळी जवळ येत होती. मला वाटलं, सगळ्या जगाला लागू पडणारं औषध मला पडत नाही, म्हणजे माझी केस संपली. शांताला म्हटलं, "आज शेवटचं. पुढच्या गुरुवारी यायचं न्हाय. बॅगा भराय घे."

ती भिंतीच्या बाकावरून उठली आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन यायला लागली. मी हॉलच्या मध्ये, ती कडेला, मध्ये त्या पट्ट्या. ती भिंतीकडनं गेली, मागच्या टोकाला वळसा घातला आणि पलीकडनं माझ्याजवळ आली.

टीचर बघत होत्या. "आक्का, एवढा वळसा घालून का आलात?"

"कुठं?" शांतानं विचारलं.

"समोरून सरळ आला असता की."

शांतानं मागं वळून फरशीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "तसं कसं वलांडून यायचं?" ती म्हणाली. "ताणा वलांडत न्हाईत."

तोंडातून शब्द गेला आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. आमच्या लहानपणी ते गल्लीत लांबच लांब पसरून त्यांना खळ लावायची, उन्हात सुकवायचे. सकाळची अख्खी गल्ली तशी असायची. त्यावरून पाय टाकून पलीकडं जायचं नाही हा आमच्यात नियम. घाई असू दे, डोक्यावर पाण्याची घागर असू दे, टोकापर्यंत जाऊन वळसा घालून यायचं. मी पाच-सहा वर्षांचा असताना चेंडूच्या मागं पळत एकदा ओलांडला होता. बापानं गल्लीत सगळ्यांसमोर पोटरीवर काठी हाणली. शांताचं माहेर वडगावचं, तेही विणकरांचंच. तिच्या पायालाही तेच वळण.

डोक्याला कळत होतं की ही चिकटपट्टी आहे. पण पायांनी डोक्याला विचारलंच नव्हतं. लाल-पिवळे धागे आडवे दिसले की थांबायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"मग सांगायचं की, अज्जा!" टीचर म्हणाल्या.

"मला तरी कुठं म्हाईत हुतं?"

त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि नखानं पट्ट्या उचकटायला लागल्या. सुभेदार म्हणाले, "ओ टीचर, सगळ्या काढू नका. मला लागतात त्या." मग अर्धा हॉल पट्ट्यांचा ठेवला आणि अर्धा मोकळा. तो मोकळा अर्धा माझा.

दाब, फेक, ठोक

पट्ट्या काढून झाल्यावर टीचर माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "आता सांगा, मागावर बसल्यावर पाय काय करायचे?"

मी बॅगेच्या खुर्चीत बसलो. हो, बसलो. माग बसूनच चालवतात, त्यात कमीपणा कसला? पायाखाली दोन पावड्या असतात, म्हणजे लाकडी पट्ट्या. उजवी दाबली की धागे उघडतात, आडव्या सुताची कांडी असलेला धोटा इकडून तिकडं फेकायचा, फणी ओढून ठोकायची. मग डावी दाबायची, धोटा परत. दाब, फेक, ठोक. मी नुसतं करून दाखवायला गेलो आणि पाय सुरू झाले. किती वर्षांनी! एकाआड एक, वजन इकडं, वजन तिकडं, अडकणं नाही, थरथर नाही. मला थांबवावंसं वाटेना.

टीचरनी माझे पाय बघत बघत आपल्या पायांनी ते उचललं. मग म्हणाल्या, "आता हेच उभं राहून. पुढं जायचं नाही. जागेवरच माग चालवायचा." मी चालवला. "आता ठोक म्हटलं की पाऊल पुढं."

दाब, फेक, ठोक. पाऊल पडलं.

त्यांनी पुढच्या काही गुरुवारी सगळ्या वर्गाचा त्यावर नाच बसवला. पण सगळ्यांना एकसारखं केलं नाही, ही त्यांची खुबी. सुभेदारांनी काठीनं फरशीवर ठोक द्यायचा. चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ चाक पुढं-मागं करून धोटा व्हायचे. दीपाला हात फेकायला आवडतं, तिला फेक दिली. आणि शांता बाकावर बसून सगळं तोंडानं म्हणत होती, तिला पण ओढून रांगेत आणलं.

"माझा हात प्लॅस्टरात हाय," ती म्हणाली.

"दुसरा आहे की," टीचर म्हणाल्या.

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ही बाई इतकी तालात आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका हातानं अशी फेक टाकायची की बघत राहावं.

दीपाचं मात्र सांगायलाच पाहिजे. नाचात एकदा मी मध्येच अडलो. बाकीचे पुढं गेले. दीपा माझ्या शेजारी होती, ती पण थांबली. अगदी माझ्यासारखी, एक हात अर्धा वर, टाचा उचलून.

"दीपा, तू का थांबलीस?" टीचरनी विचारलं.

"अज्जा थांबले," ती म्हणाली. तिला ती स्टेपच वाटली होती.

टीचर विचारात पडल्या. मग टाळी वाजवून सगळ्यांना म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. एकजण थांबला की सगळ्यांनी थांबायचं. तो निघाला की निघायचं." तेव्हापासून आमच्या नाचात तसंच आहे. मी अडलो की सगळी रांग अडते. पंधरा माणसं श्वास धरून उभी असतात, कुणी माझ्याकडं बघत नाही, कुणी ओढत नाही. आणि मजा अशी की तसं झाल्यापासून मी कमी अडतो.

घरात

हे वाचून कुणाला वाटेल, नाचलो आणि बरा झालो. तसं काही नाही. गोळी उतरायच्या वेळेला मी अजूनही लाकूड असतो. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, आणि शांता लावायला आली की मी खेकसतो. कधी जेवताना भाताचा घास अंगावर सांडतो आणि त्या दिवशी माझा मूड जातो. रात्री पडल्या पडल्या भीती वाटते की उद्या हे तरी राहील का. ती भीती नाचानं जात नाही.

पण घरात एक बदल झाला. शांता ओढायची थांबली. मी दारात अडलो की ती जिथं असेल तिथनं, चुलीपासनं म्हणा, ओट्यापासनं म्हणा, आवाज देते, "दाब!" मी जागेवर वजन हलवतो. "फेक! ठोक!" मी निघतो. कधी दोनदा लागतं, कधी चारदा. शेजारणीनं एकदा विचारलं, "काय गं शांता, भांडालाइसा व्हय?" ती म्हणाली, "न्हाय गं, नाचालोय."

घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या माणसाचे पाय जन्मभर काय करत होते ते आठवा. शेतातला असेल, पोस्टमन असेल, फौजेतला असेल. त्यातलंच काहीतरी त्याला चालवेल. आणि हात पुढं करा, पण ओढू नका.

दिवाळी

सुरेश सकाळच्या बसनं येणार होता. शांताचं प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट अजून धड नव्हतं. रिक्षाचा आवाज आला. मी म्हटलं, "दार मी उघडणार."

खोलीतून पुढच्या सोप्यात आलो ते ठीक. दार उघडलं. समोर पोरगा, खांद्यावर बॅग, हातात मिठाईचा डबा. त्याला बघितलं आणि मला घाई झाली. घाई झाली आणि मी उंबऱ्यावर अडलो.

बॅग टाकून सुरेश मला धरायला पुढं आला.

"हात लावू नको," आतनं शांता ओरडली.

"आई, पडत्यात ते!"

"न्हाय पडत. तू मागं सर. बघ नुसतं."

तो मागं सरला. पण हात तसेच पुढं धरून उभा, चेंडू झेलायला उभं राहतात तसा. त्या हातांकडं बघून माझे पाय आणखीनच घट्ट झाले. मी डोळे मिटले. शांतानं या वेळी तोंडानं काही म्हटलं नाही. मला वाटतं तिला मुलाला दाखवायचं होतं की मी माझा मी निघतो. मी मनातच सुरू केलं. उजवी दाब. डावी दाब. गल्लीत कुणीतरी फटाका लावला, मी पुन्हा सुरुवातीपासून केलं. आणि ठोक म्हणताना पाऊल उंबऱ्याच्या बाहेर पडलं. मग दुसरं. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो, त्याच्या हातातला मिठाईचा डबा घेतला आणि म्हटलं, "आत ये की. कशाला हुबा हाईस?"

त्यानं आत जाऊन हातपाय धुतले आणि मोरीत जरा जास्तच वेळ पाणी वाजत राहिलं.

चार दिवस राहिला. बेंगळूरचा विषय काढला नाही, मी पण काढला नाही. पण त्याचं माझ्यावर लक्ष होतं. मी उठलो की हा उठणार, मग आईकडं बघून परत बसणार. एकदा तर आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. पोराला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. न धरणं शिकायला पण वेळ लागतो. मला त्याचा राग नव्हता, उलट बरं वाटलं की मला धरावंसं वाटणारं कुणीतरी आहे.

जायच्या दिवशी मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. माझ्या चालीनं चालला, एकदाही पुढं गेला नाही. मी मध्ये एकदा थांबलो. तो पण थांबला, दुकानाच्या पाटीकडं बघत, जसं काही तीच वाचायला थांबलाय. रिक्षात बसला, बॅग मांडीवर घेतली.

"आप्पा, गुरुवारी तुमचा क्लास किती वाजता असतोय?"

"चारला. का रं?"

"न्हाय, त्या टायमाला फोन करत न्हाय मग."

"कर की," मी म्हटलं. "उचलणार कोण न्हाय. तुझी आईबी नाचतीया."